बिअरच्या किटमध्ये साखरेऐवजी ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट टाकलं तर?

तिफण

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला. चार वर्षांपासून न्यूझीलंडमध्ये वायकाटोला एका डेअरी फार्मवर कामाला आहे. तिकडं मे महिन्यात गायी आटवल्या की आम्हाला मोकळीक मिळते, म्हणून सध्या गावी आलोय. जूनच्या शेवटी परत जायचं आहे.

तिकडं स्वतःपुरती बिअर घरी करायला कायद्यानं मुभा आहे. दुकानात किट मिळतं. १.७ किलोचा डबा, त्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेला माल्टचा पाक, अगदी आपल्या काकवीसारखा दाट. झाकणाखाली यीस्टची पुडी. डब्यावर लिहिलेलं असतं की १ किलो साखर घाला, २३ लिटरपर्यंत पाणी भरा, यीस्ट टाका. मी जानेवारीत आणि फेब्रुवारीत अशा दोन बॅच अगदी डब्यावर लिहिल्याप्रमाणे केल्या. साधी पांढरी साखर घातली होती.

बिअर झाली, पण मनासारखी नाही. पाणचट लागते. फेस येतो आणि ग्लास हातात घेईपर्यंत बसतो. मागाहून हिरव्या सफरचंदासारखी एक आंबूस चव जिभेवर राहते. दुसरी बॅच पहिलीपेक्षा जास्त आंबूस झाली. हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजायची नळी, साध्या पाण्याला १००० दाखवते) आकडे वहीत आहेत: सुरुवातीला १०३९, शेवटी १००५. बिअर आंबवायची बादली मशीन ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती.

फार्मवरचा जोडीदार म्हणाला की साखर टाकणं सोड, तेवढंच ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे डीएमई, टाक. ते साखरेच्या कितीतरी पट महाग आहे. म्हणून विकत घेण्याआधी समजून घ्यायचं आहे. १ किलो साखरेच्या जागी १ किलो डीएमई असा सरळ हिशेब चालतो का? नेमका फरक कशानं पडतो?

हा प्रश्न इथंच लिहायचं कारण वेगळं आहे. परवा आई माझ्या आठ महिन्यांच्या पुतणीसाठी गव्हाला मोड आणत होती. रात्रभर भिजवलेले गहू धडप्यात बांधून ठेवले, मोड आले तसे खाटेवर पसरले, मेच्या उन्हात वाळवले आणि जात्यावर दळले. मी विचारलं की साधं पीठ का नाही? तर म्हणाली, मोडाचं पीठ अंगी लागते. तेव्हा डोक्यात आलं, माल्ट माल्ट म्हणतात ते हेच की. मग यात असं काय आहे जे साखरेत नाही?

आमच्या घरी बाबा माळकरी आहेत, इथं या गोष्टीला हात लावायचा प्रश्नच नाही. तिकडं गेल्यावर पुढची बॅच नीट करायची आहे.

पूर्णाकाठ

भाऊ, मी अंजनगावचा, सध्या इंग्लंडात लीड्सला. तू जे करून राहिला तेच मी दोन वर्षं करून पाह्यलं, म्हणून लिहून राहिलो.

पूर्ण माल्टवर जायची गरज नाही असं माझं मत आहे. मी ५०० ग्रॅम डीएमई आणि ५०० ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजची साखर, घेतो. पाणचटपणा जाते, बिअर हलकी राहते, खर्च अर्धा. एकदा पूर्ण १ किलो डीएमई टाकलं होतं तर मले ती गोडूस वाटली, दोन ग्लासांनंतर जड होते. साखर काही विष नाही. बेल्जियममधल्या नावाजलेल्या तगड्या बिअरमध्ये साखर मुद्दाम घालतात, ती जड होऊ नये म्हणून.

आणि तुझ्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीत किती तापमान होतं ते सांग. मले शंका तिथंच येऊन राहिली.

जुनी_विहीर

बापू तिफण, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. आकडे वहीत लिहून ठेवतोस, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे.

आधी माझी ओळख. मी आर्वी तालुक्यातला, आता घरची संत्र्याची बाग पाहतो. त्याआधी १९ वर्षं एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत होतो. रोज सकाळी टाक्यांमधून नमुने काढायचे, ग्रॅव्हिटी म्हणजे घनता, रंग, कडवटपणा मोजायचा. आपल्याकडं परवान्याशिवाय घरी बिअर करणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यात आमचा वर्धा जिल्हा पुरता दारूबंदीचा. त्यामुळे मी आता काही करत नाही. जे सांगतोय ते तिकडच्या तुझ्या बादलीसाठी. इथं वाचणाऱ्या कुणी गावात प्रयोग करू नये.

आता आईच्या पिठाकडे ये, कारण सगळं उत्तर त्यात आहे. घरी करून पाहा. साध्या गव्हाच्या पिठाची घट्ट लापशी शिजव, पळी उभी राहील अशी. खाली उतरव, बोट सोसवेल त्यापेक्षा थोडी जास्त गरम असू दे. त्यात ते मोडाचं पीठ एक चमचा टाकून ढवळ. पाच-दहा मिनिटांत लापशी सैल होते आणि पळीवरून ओघळायला लागते. वरून पाण्याचा थेंब घातलेला नसतो. दाण्याला मोड येताना त्यात स्टार्च तोडणारी एन्झाइम तयार होतात, ती लापशीतल्या स्टार्चच्या लांब साखळ्या कापतात. ओघळायला लागलेली लापशी चाखून पाहा, थोडी गोड लागेल.

ब्रुअरीत हेच काम बार्लीवर होतं. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवतात, साधारण ६५ डिग्रीला. साखळ्या तुटतात, पण सगळ्या सारख्या तुटत नाहीत. बहुतेकांची माल्टोज नावाची साखर होते, तीवर यीस्ट जगतं. काही साखळ्या मध्येच तुटून राहतात, त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. बिअरचं यीस्ट त्यांना खाऊ शकत नाही. शिवाय दाण्यातली प्रथिनं उतरतात, यीस्टला लागणारी नायट्रोजनची पोषकद्रव्यं उतरतात, भट्टीत वाळवल्याचा रंग आणि भाजका वास उतरतो. हे सगळं पाणी गाळून आटवलं की तुझ्या डब्यातला पाक होतो. पूर्ण कोरडं करून भुकटी केली की डीएमई. (गाळून उरलेला चोथा आमच्याकडून ट्रॅक्टर भरभरून डेअरीवाले न्यायचे. तुझ्या फार्मवरही कदाचित येत असेल.)

साखरेत यातलं काहीच नाही. यीस्ट ती शंभर टक्के खातं, अल्कोहोल आणि वायू करतं, मागे काही उरत नाही. डीएमईमधला साधारण चौथा हिस्सा यीस्ट खात नाही, तो बिअरमध्ये राहतो. तोंडात जी भरीव चव जाणवते ती तिथून येते. फेस टिकतो तो प्रथिनांमुळे. तुझ्या बॅचमध्ये सुरुवातीच्या १०३९ मधल्या, पाण्याच्या १००० वरच्या ३९ अंकांपैकी जवळजवळ १७ एकट्या साखरेचे होते. डब्यातला माल्ट तेवढाच, पण साखरेनं वाढवलेल्या अल्कोहोलमध्ये तो पसरून विरळ झाला. पाणचट लागणारच.

आता तुझा १ किलोचा हिशेब. २३ लिटरमध्ये १ किलो साखर साधारण १६-१७ अंक देते, १ किलो डीएमई साधारण १६. म्हणजे सुरुवातीचा आकडा १०३८ येईल, जवळपास तोच. पण शेवट १००५ ला येणार नाही, १०१० च्या आसपास थांबेल. त्याचा अर्थ बिअर बिघडली असा घेऊ नकोस. अल्कोहोल मात्र साडेचार टक्क्यांवरून पावणेचारपर्यंत उतरेल.

पूर्णाकाठ यांना पूर्ण माल्टची बिअर गोडूस वाटली, ते त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. कारण असं की डब्यात हॉप्सचा कडवटपणा आधीच घातलेला असतो, आणि तो १ किलो साखर पडणार हे धरून मोजलेला असतो. साखरेच्या जागी माल्ट आला की मागे गोडी उरते, कडवटपणा तेवढाच राहतो, तोल जातो. बहुतेक लोक इथंच अडकतात आणि डीएमईला नावं ठेवतात.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. पाणी २३ लिटरपर्यंत भरू नकोस, २० वर थांब. त्याच डब्याचा कडवटपणा कमी पाण्यात आला की तो पंधरा टक्क्यांनी वाढतो. सुरुवातीचा आकडा १०४३-१०४४ होतो आणि अल्कोहोल पुन्हा सव्वाचार टक्क्यांच्या वर येतं. एका कृतीत तिन्ही गोष्टी जागेवर येतात. तीन लिटर बिअर कमी मिळेल, ती जाऊ दे.

तरीही गोडसर वाटली तर त्यापुढच्या बॅचला १५ ग्रॅम हॉप्स आण. दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम डीएमई विरघळवून त्यात हॉप्स १५ मिनिटं उकळ, गाळून बादलीत घाल. पहिल्याच वेळी हे करू नकोस, नाहीतर कशानं काय बदललं ते कळणार नाही.

डीएमई हाताळण्याचं एक सांगतो, कारण पहिल्यांदा सगळेच फसतात. ही भुकटी हवेतला ओलावा ओढते. उकळत्या भांड्यावर पाकीट उघडून ओतशील तर वाफेनं पाकिटाच्या तोंडालाच गोळा होईल, चमच्याला चिक्कीसारखी बसेल, उरलेली वर तरंगत गाठी धरेल. कोरड्या भांड्यात भुकटी आधी घे, वरून गार पाणी घालून फेट, मग गरम कर. उकळी फुटताना दुधासारखी वर येते, तेव्हा भांडं मोठं घे आणि तिथून हलू नकोस. उरलेलं पाकीट घट्ट बंद करून ठेव, उघडं राहिलं की दगड होतं.

रंगाचं म्हणशील तर सगळ्यात फिकट, लाइट नावाचं घे. गडद प्रकार पहिल्या वेळी नको. डब्यावरची तारीख बघ. जुना पाक काळपट होतो, त्याला शिळी चव येते, आणि झाकणाखालची पुडी उन्हापावसात दुकानोदुकानी फिरलेली असते. शक्य असेल तर यीस्टचं वेगळं ११ ग्रॅमचं पाकीट घे.

हिरव्या सफरचंदाची चव मात्र मी साखरेवर ढकलणार नाही. त्या चवीचं नाव ॲसिटाल्डिहाइड. यीस्ट अल्कोहोल करताना आधी ते तयार करतं आणि मग संपवतं. यीस्ट कमी पडलं, गरमीनं भडकलं किंवा काम पुरं व्हायच्या आत बाटलीत भरलं की ते मागे राहतं. तुझी शेड किती तापत होती आणि तू बाटल्या कितव्या दिवशी भरल्यास, हे दोन लिही. महागडं डीएमई टाकूनही शेड तशीच तापली तर सफरचंद पुन्हा येईल.

अंगणवाडी_वरूड

दादा, बिअरबद्दल मला काही माहिती नाही, पण काकांनी लापशीचं जे लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे. आम्ही अंगणवाडीत आयांना हेच दाखवतो. बाळाचं पोट लहान असतं, पातळ पेज दिली तर पोट भरतं पण ताकद जात नाही, घट्ट दिली तर गिळवत नाही. घट्ट शिजवून त्यात मोडाचं पीठ टाकलं की तेवढंच धान्य बाळ आरामात खातं. आयांचा विश्वास बसत नाही, म्हणून त्यांच्याच हातानं ढवळायला लावते. पळीवरून धार लागली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

तुमच्या आईंना एकच सांगा. उन्हात वाळवलं ते चांगलं केलं. दळायच्या आधी फार खरपूस भाजू नका, जास्त भाजलं की ही पातळ करायची शक्ती जाते. आणि पीठ टाकल्यावर लापशीला परत एक उकळी द्या, मगच बाळाला भरवा.

तिफण

काका, काय बोलू. तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. हॉप्स-बिप्स तिच्या कामाचं नव्हतं, पण लापशीचं ऐकलं आणि लगेच पातेलं चढवलं. अगदी तसंच झालं! खरंच पळी उभी होती, नंतर धार लागली. ताईंनी सांगितलं तशी परत उकळी दिली. पुतणीनं वाटी संपवली. बाबाही बघायला आले होते, म्हणाले, दाण्यातच सगळं असते, माणसानं फक्त भिजवायचं.

आता तुमचे दोन प्रश्न. जानेवारी तिकडं ऐन उन्हाळा. शेडमधल्या थर्मामीटरवर मी दुपारी २८-२९ पाहिलं होतं. इथल्या ४५ च्या मानानं मला ते गारच वाटलं, म्हणून लक्षच दिलं नाही. फेब्रुवारीत त्याहून एखादी डिग्री जास्त असेल. दुसरी बॅच जास्त आंबूस झाली त्याचं कारण आता कळतंय. बाटल्या मी सातव्या दिवशी भरल्या, कारण बुडबुडे थांबले होते. आकडा एकदाच पाहिला, भरायच्या दिवशी.

आता परत गेल्यावर जुलै, म्हणजे हिवाळा. शेडमध्ये पहाटे दात वाजतात. घरात गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट आहे, तिथं ठेवलं तर चालेल का? आणि बाटलीत जी साखर घालतो तीसुद्धा डीएमईनं बदलायची का?

पूर्णाकाठ

२९ म्हणजे बापरे. भाऊ, बादलीच्या आत त्याच्याहून जास्त असते, यीस्ट स्वतः गरमी करते. म्या पहिल्या वर्षी बॉयलरच्या कपाटात ठेवली होती तर तिथं बी जास्तच गरम झालं. आधी नुसती पाण्याची बादली ठेव, थर्मामीटर टाक, एक दिवस पाहा. मग ठरव.

काका, २० लिटरची गोष्ट मले कोणी सांगितली नव्हती. या महिन्यातली बॅच पूर्ण माल्टवर तशीच लावतो.

जुनी_विहीर

पूर्णाकाठ म्हणतात ते कर, आधी पाण्यावर तपास. बादलीतल्या पाण्याचा आकडा १८ ते २० राहिला पाहिजे. कपाट जास्त गरम निघालं तर दार उघडं ठेवून बघ, नाहीतर घरातली दुसरी जागा शोध. पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे, कारण चव त्याच दिवसांत बनते. यीस्ट टाकतानाही पाक २० पर्यंत निवलेला पाहिजे, घाई करून कोमट पाकात पुडी ओतू नकोस.

२८-२९ ला यीस्ट धावतं, बुडबुडे लवकर थांबतात, आणि माणसाला वाटतं काम झालं. बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नकोस. दोन आठवडे बादली हलवू नकोस. मग आकडा घे, दोन दिवसांनी परत घे. दोन्ही सारखे आले तरच बाटल्या भर. डीएमईच्या बॅचला हे जास्त पाळ, कारण १०१२-१०१३ ला थांबलेली बिअर तुला संपलेली वाटेल आणि ती अर्धवट असू शकते. अर्धवट बिअर बाटलीत कोंडली की बाटली फुटते. काचेचे तुकडे भिंतीत रुतलेले मी पाहिले आहेत. त्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं हे नशीब.

बाटलीतली साखर साखरच राहू दे. लिटरला ६ ते ८ ग्रॅम, एवढ्यानं चवीत काही फरक पडत नाही. तिथं काम फक्त वायूचं आहे, त्यासाठी डीएमई घालायचं तर तिसऱ्या हिश्श्यानं जास्त लागेल आणि पैसे वाया जातील.

डीएमईच्या पहिल्या बॅचला मग एवढंच बदल: साखरेच्या जागी १ किलो लाइट डीएमई, २० लिटर, १८-२० डिग्री, दोन आठवडे. डबा तोच जुना घे, म्हणजे आधीच्या वहीशी ताडून पाहता येईल. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा इथं टाक. शेवट १००९ ते १०११ च्या मध्ये आला पाहिजे.

तिफण

लिहून घेतलं काका, वहीच्या पहिल्या पानावर. ऑगस्टच्या मध्यावर आकडे टाकतो. मोडाच्या गव्हाचं थोडं पीठ सोबत न्यायचं होतं, पण न्यूझीलंडच्या विमानतळावर धान्य-पिठाची कडक तपासणी असते, म्हणून आईला नको म्हणालो. ती म्हणते, तिकडं गहू मिळतात ना, धडपं घेऊन जाय.